शेजारतीतला खर्ज

‘आपल्यात असे चालत नाही,’ हे वाक्य सरांसमोर उच्चारण्याची सोय नव्हती. बोलणारे शाळेचे मुख्याध्यापक असोत की दूध घालणारा गवळी असो, ते मान किंचित तिरकी करून अत्यंत निरागसपणे विचारीत, “कधीपासून?” त्या प्रश्नात उपहास नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे असे, आणि समोरच्याला ते ठाऊक नसे. मग समोरचा चिडे, आणि तो का चिडला हे त्यांना कळत नसे.

आम्ही दोघे एकाच शाळेत होतो. मी संस्कृत शिकवीत असे, ते गणित. आमची घरेही सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एकाच गल्लीत, समोरासमोर. सगळी गल्ली त्यांना ‘सर’ म्हणे आणि मला ‘गुरुजी’. पहाटे स्नान करून मी सूक्ते म्हणावयास बसलो की ते आपल्या दारातून उठून माझ्या कट्ट्यावर येऊन बसत. देवाचे नाव त्यांनी घेतलेले मी कधी ऐकले नाही. परंतु माझे म्हणून संपेपर्यंत ते हलत नसत, आणि उठताना म्हणत, “गुरुजी, तीन स्वरांत एवढं मोठं आकाश मावतं कसं, ते एकदा मला सांगा.” मी उदात्त, अनुदात्त, स्वरित यांची लक्षणे सांगू लागे. ते हात वर करून मला थांबवीत. “ते पुस्तकात आहे. मावतं कसं, ते सांगा.”

ते मला अद्याप सांगता आलेले नाही. आता विचारणाराही कट्ट्यावर नसतो. तरी शेवटचा स्वरित संपल्यावर क्षणभर थांबण्याची माझी सवय गेलेली नाही.

सोलापूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला सांगावयास नको. चैत्र लागला की सर एक जाड सोलापुरी चादर बादलीत बुडवून, न पिळता, खिडकीला टांगत आणि पंखा बंद करून आत वाचीत बसत. भुसार मालाचे व्यापारी असलेले, गल्लीतल्या देवीच्या देवळाचे कारभारी अण्णा रस्त्यातून हाक मारीत, “काय ओ सर, चादर पांघरायची असती!”

“चादरीला ते ठाऊक नाही, अण्णा. आत या, बसून बघा.”

“गारवा असंल ओ आत, न्हाय कोन म्हनतंय? पर लोक म्हनतील, कारभारी दिवसाढवळ्या चादरीमागं लपलाय!”

अण्णा घाम पुशीत पुढे जात. आत गारवा आहे हे त्यांना मान्य होते. तो घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

शाळेत एकदा, हुरड्याच्या दिवसांत, सरांनी नारळाच्या दुधात भिजवलेला हुरडा डब्यातून आणला आणि शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाच्या हातावर चमचा चमचा ठेवला. सर्वांची तोंडे वाकडी झाली. सर एकेकापुढे उभे राहून अगदी तोंडी परीक्षा घ्यावी तसे विचारू लागले, “आवडलं नाही, की ओळखीचं नाही?” चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, “दोन्ही.” सर गंभीरपणे म्हणाले, “दोन्ही एकदम कसं ठरवता येईल? आधी ओळख होऊ द्या, मग नावडीचं बघू. उद्या पुन्हा आणतो.” दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांची खोली रिकामी होती.

त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. वहिनींचे माहेर अक्कलकोटकडचे, घरची भाषा कानडी. रविवारी सकाळी गच्चीवर सर बसून वहिनींची लुगडी धूत आणि वहिनी खुर्चीत बसून त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत. शेजारच्या गच्चीवर अक्का वाळवण घालीत असे. अक्का ही तेलुगू भाषिक विणकर घरातली. देवळात शुक्रवारी बायकांचे भजन होते, त्याची ती पुढारी. ती एकदा न राहवून म्हणाली, “सर, बाईमानसाचं काम तुमी करता, बरं दिसतंय का?”

“बाईमाणसाचं? कधीपासून?”

वहिनींनी वर्तमानपत्र खाली केले. “करू द्या हो अक्का. नीळ माझ्यापेक्षा बरी घालतात.”

अक्का हसून हसून वाकली. हे तिने घरी जाऊन आपल्या नवऱ्याला सांगितले असावे. कारण त्यानंतर तो सरांना समोरून येताना पाहिले की रस्ता ओलांडू लागला.

वहिनींचा आवाज विलक्षण होता. स्त्रीचा असून तो खाली, खर्जात लागे, आणि तेथेच स्थिर राही. सुरुवातीस भजनातल्या बायका त्यांना मागे बसवीत. वहिनींनी माहेरची एक शेजारती आणली होती. देवीला निजविण्याचे कानडी पद. बायका म्हणाल्या, आपले मराठी आहे, तेलुगू आहे, त्यात आणखी कानडी कशाला? अण्णांच्या स्वतःच्या घरी कानडी बोलतात, पण तेही म्हणाले, “देवीला कळंल ओ, बायकांना कळायला पायजे की.” वहिनींनी वाद घातला नाही. भजन संपून बायका उठू लागल्या की त्या सतरंजीच्या घड्या घालता घालता ते पद एकट्याच म्हणत. केव्हा तरी अक्का चपला घालता घालता थांबली. मग आणखी एक थांबली. काही वर्षांनी अशी स्थिती आली की शेजारती झाल्यावाचून शुक्रवार पुरा होईना. बायका वरच्या पट्टीत गात आणि वहिनी त्यांच्या खाली, सबंध पदभर, पायथ्यासारखा आपला स्वर धरून ठेवीत. सर देवळात येत नसत. ते आपल्या खिडकीत दिवा न लावता बसून ऐकत.

वहिनी थोड्याशा आजाराने गेल्या. मुलगा बंगळुरूहून आला होता, तरी पुढचे तेरा दिवस सरांनीच मी सांगेन ते ते केले. दर्भ कोणत्या बोटात, पिंड कोणत्या दिशेला, सर्व निमूटपणे केले. एकदाही त्यांनी ‘कधीपासून’ असे विचारले नाही. तेव्हाच मला त्यांची काळजी वाटू लागली. ते रडलेही नाहीत. गल्लीने ते पाहिले आणि आपापसात बोलूनही दाखवले.

काही महिने गेले, आणि सर एके दिवशी पुण्याहून माणसाएवढी काळी पेटी घेऊन एस.टी.तून उतरले. तीत चेलो नावाचे पाश्चात्त्य वाद्य होते. व्हायोलिनचे थोरले भावंड म्हणावे असे. जमिनीवर टेकवून, दोन गुडघ्यांत धरून गजाने वाजवावयाचे. कंडक्टरने पेटी पाहून म्हटले होते, “काका, हे सामान न्हवं, हे मानूस हाय. तिकीट काढा.” सरांनी आनंदाने पुरे तिकीट काढले आणि पेटीला खिडकीजवळची जागा देऊन स्वतः कडेला बसले. हे मला सांगताना ते हसले. वहिनी गेल्यानंतरचे ते पहिले हसणे.

पुण्यातली एक तरुण मुलगी त्यांना मोबाईलवर शिकवू लागली. लोकांना त्रास नको म्हणून सर दुपारी, दारे खिडक्या लावून, सराव करीत. एकच लांब स्वर, पुन्हा तोच, पुन्हा तोच. ज्येष्ठातली दुपार होती. गल्ली निजलेली होती. मी वाचीत पडलो होतो, तोच अक्का दारात आली.

“गुरुजी, उठा. सरांच्या घरात कायतरी झालंय.”

“काय झाले?”

“कोनतरी रडतंय ओ. मानूस असं रडत न्हाय. आतडं रडतंय.”

आमच्या पेठेत ज्या घरी दुःख घडते त्या घरी चूल पेटत नाही. शेजारची माणसे पिठले-भाकरी करून नेतात. अक्काने कोणाला विचारले नव्हते, शहानिशा केली नव्हती. तो आवाज कानी पडताच तिने पीठ मळावयास घेतले होते. तिच्यामागे भजनातल्या चार बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, आणि तिच्या हातात झाकलेली दुरडी. आम्ही सरांचे दार वाजवले. आवाज थांबला. हातात गज घेऊन सरांनी दार उघडले.

“कोन गेलं ओ, सर?” अक्काने विचारले.

सरांनी दुरडीकडे पाहिले, बायकांच्या पदरांकडे पाहिले. मग ते म्हणाले, “नवीन कोणी नाही, अक्का. जी गेली तीच.”

त्यांनी सर्वांना आत बसवले आणि वाद्य दाखवले, वाजवूनही दाखवले. बायकांनी ते शोकाला आल्यासारख्याच, खाली माना घालून ऐकले आणि दुरडी ठेवून निघून गेल्या. कोणी हसले नाही. सरांनी मला हात धरून बसवले. “जेवायला बसा, गुरुजी. पिठलं फार सुरेख झालंय.”

जेवता जेवता त्यांनी मला विचारले, “तुम्हाला कसं वाटलं?” मी खोटे बोलत नाही. म्हणालो, “रुचले नाही.”

“रुचलं नाही, की ओळखीचं नाही?”

“ठाऊक नाही.”

“मग उद्या या.” आणि ताटाकडे पाहत ते म्हणाले, “गुरुजी, शुक्रवारी ती शेजारती म्हणतात ना, तिच्या खाली आता भोक पडलंय. बायका गातात, पण खाली कोणी नाही. दुसऱ्या कोणाला ऐकू येतं की नाही, मला ठाऊक नाही. मला ऐकू येतं. माझ्या गळ्यात स्वर नाही, नाहीतर मीच गेलो असतो. तिच्या पट्टीचा आवाज कशात आहे ते मी शोधत होतो. तो ह्याच्यात सापडला. मला तेवढंच एक पद, तिच्या जागेवरून वाजवायचंय. दुसरं काही नको.”

मी अण्णांकडे गेलो. अण्णांनी आदराने खुर्ची दिली आणि विचारले, “शास्त्रात काय सांगितलंय, गुरुजी?” मी सांगितले की आपल्या शास्त्रकारांनी वाद्यांचे चार वर्ग केले आहेत, त्यांत तंतुवाद्यांचा मान पहिला, आणि हे तंतुवाद्यच आहे, देवालयात निषिद्ध म्हणावे असे त्यात काही मला दिसत नाही.

अण्णांनी पुष्कळ वेळ मान हलवली. “चालतंय, असंच ना?”

“चालते.”

“गुरुजी, तुमचा शब्द म्हंजे शब्द. चालतंय ते खरं. पर बरं वाटत न्हाय ओ. सगळ्या गल्लीनं ते मयताचं म्हून ऐकलंय. देवीला निजवायचं, आन तितं तो आवाज? मला म्हातारपनी भ्या वाटतंय.”

त्याच सुमारास देवळात आरतीसाठी विजेवर चालणारा नगारा-घंटेचा संच बसवला होता. बटण दाबले की चार हातोड्या आपोआप बडवू लागत; त्यात आरतीचा एक शब्दही ऐकू येत नसे. त्याविरुद्ध कोणी अवाक्षर काढले नाही. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. त्या यंत्राला आमच्याकडून काही नको होते. ते वाजत असता मनाने कोठेही असावे. चेलोचा आवाज मात्र मनुष्याला धरून बसवीत होता. आणि मला असेही वाटते की कान हा काही न्यायाधीश नव्हे. सनई ऐकताच आपल्याला मांडव दिसतो. सनईत मांडव नसतो, तो आपल्या ओळखीत असतो. गल्लीची आणि चेलोची पहिली ओळख पिठल्याच्या दुरडीवर झाली होती. अण्णांची भीती मूर्खपणाची नव्हती. तिला उत्तर देण्यासारखे माझ्या सगळ्या अध्ययनात काही नव्हते.

सरांना मी ‘बरं वाटत न्हाय’ हे शब्द तसेच्या तसे सांगितले. मला वाटले, ते खिन्न होतील. ते उलट टवटवीत झाले. “शेवटी कोणीतरी खरं बोललं! शास्त्र नको, नियम नको. बरं वाटत नाही. ह्याच्याशी माझं भांडणच नाही, गुरुजी. ह्याला वेळ लागतो, एवढंच.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खिडक्या उघड्या टाकून सराव सुरू केला. मी रोज जाऊन बसत असे. काही आठवडे मला त्यात केवळ घर्षण ऐकू आले. पुढे एके दिवशी मी घरी परतून संध्या करावयास बसलो, तेव्हा माझा ओंकार नेहमीपेक्षा खाली लागला आणि तेथे तो सुखाने राहिला. मी सरांना हे सांगितले नाही. त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली असती.

शुक्रवारी मात्र ते दिवसभर वाजवीत नसत. रात्री देवळात शेजारतीला आरंभ झाला की आपल्या अंधाऱ्या खिडकीत बसून, अगदी हलक्या हाताने, तो एकच खर्ज धरीत. देऊळ माझ्या घराला लागून; त्याचे दार आणि ती खिडकी यांत गल्लीची रुंदी तेवढी. पद संपले की तेही थांबत. कोणी त्याविषयी बोलले नाही. बायका देवळातून निघून खिडकीखालून जात तेव्हा चपलांचा आवाज तेवढा होई. पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. मी सरांना म्हणालो, “पुन्हा विचारून पाहू का?” ते म्हणाले, “विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागेल. कशाला घाई करता?”

मार्गशीर्षात सरांना ताप भरला. त्या शुक्रवारी मी त्यांच्या उशाशी होतो. देवळातून शेजारतीचे पहिले चरण ऐकू आले. दुसऱ्या चरणाशी आवाज फाटले. एक वर गेली, एक मागे राहिली. अक्काने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झाले. मग देवळात एकदम शांतता पसरली. सरांनी डोळे उघडले. इतक्यात जिन्यावर पावले वाजली आणि हातात प्रसादाची वाटी घेऊन अक्का उंबऱ्यात उभी राहिली. ती रागावलेली होती.

“सर, आज कुटं गेला होता तुमी?”

“ताप आलाय, अक्का.”

“ताप आला तर सांगून पाठवायचं न्हाय? आमचं पद पडलं ओ देवीसमोर! कंदी पडलं न्हवतं.”

सर उशीवरून मान उचलून तिच्याकडे पाहत राहिले. “तुम्ही ऐकत होता?”

“अय्यो! आमी बोललो न्हाय म्हून काय कान देवळात काढून ठिवले होते का?” तिने प्रसाद त्यांच्या तळहातावर ठेवला. “बरं व्हा आदी. मग ते घिऊन आतच या. हितनं लांब पडतंय.”

“अण्णांना बरं वाटत नाही.”

“अण्णाला मी बघते. काढा घेतला का?”

आज सर नाहीत. चेलो त्यांचा मुलगा बंगळुरूला घेऊन गेला. तो वाजवीत नाही, परंतु विकणारही नाही असे त्याने मला सांगितले. शेजारती होते. जे पद मी वहिनींच्या आधी कधी ऐकले नव्हते, आणि जो आवाज मला रुचला नव्हता, ती दोन्ही एकत्र नसल्याने मला आता शुक्रवार अनोळखी वाटतो. देवीसमोर हात जोडून बसलो असता माझे लक्ष पुष्कळदा पदाच्या खाली, जेथे काही नाही तेथे, लागून राहते. देवी हे क्षम्य मानील अशी माझी श्रद्धा आहे.

परंतु त्यांचा देवळातला पहिला शुक्रवार मी पाहिला, हे माझे भाग्य. पेटी उचलावयास मी एका बाजूस होतो. अण्णा गाभाऱ्याजवळ पाठ ताठ करून, कोणाकडेही न पाहता बसले होते. वहिनी ज्या खांबाशी बसत तेथे अक्काने एक लाकडी स्टूल आणून ठेवले होते. सर त्यावर बसले, वाद्य गुडघ्यांत घेतले, आणि बायकांनी आरंभ करताच गज ओढला. घरातून येई तेव्हा तो केवळ स्वर होता. दगडी भिंतींच्या आत तो फरशीतून आमच्या मांड्यांपर्यंत आला. बायकांचे आवाज त्यावर निश्चिंतपणे उतरले. पद अर्ध्यावर आले तेव्हा मी पाहिले, सरांचे सारे तोंड भिजले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होते, हनुवटीवरून खाली वाद्यावर पडत होते, आणि ते पुसावयास त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. गज थांबला असता तर पद पडले असते.

अक्का पुढच्या रांगेतून उठली. गात गातच ती खांबापाशी आली, साऱ्या देवळासमक्ष तिने आपल्या पदराने त्यांचे तोंड पुसले, आणि चरण न चुकवता आपल्या जागी जाऊन बसली. मी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी सर्व पाहिले होते. ते थोडे सरकले आणि पाठ भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.